समोरून आपल्यासारखीच गाडी आली की: गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना पडणारे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. डिचोलीहून पणजीला जाताना समोरून दुसरी पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी मारुती आली की आम्ही एकमेकांना हात करतो. शेजारी बसलेला लगेच विचारतो, "कोण तो? ओळखीचा?" ओळखीचा नसतो. तिथून प्रश्नांची रांग सुरू होते. नव्याने जुनी गाडी घेतलेल्या पोरांनी, फेरीबोटीवर भेटलेल्यांनी आणि घरच्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. एखादं पटलं नाही तर सोडून द्या.

ओळख ना पाळख, मग हात कशाला करायचा?

कारण समोरच्याची सकाळ कशी गेली ते आपल्याला ठाऊक असतं. त्यानेही चोक ओढून गाडी चालू केली आहे, ती फुरफुरत गरम होईपर्यंत अंगणात ताटकळला आहे, दाराच्या खालच्या पत्र्यावरून बोट फिरवून गंज किती पुढे सरकला ते पाहिलं आहे. खारी हवा आणि शंभर इंचांहून जास्त पाऊस अशा मुलखात पत्र्याची गाडी चाळीस वर्षं टिकवणाऱ्याचं नाव माहीत नसलं, तरी त्याचा रविवार कुठल्या गॅरेजमध्ये जातो याचा अंदाज असतो.

ही चाल फक्त आपली नाही. परदेशात जीपवाले आणि बीटलवाले एकमेकांना हात करत आले आहेत, आपल्याकडे बुलेटवाले करतात. गोव्यात एकच फरक पडतो, तो म्हणजे मुलूख लहान. आज बाणस्तारीला ज्याला हात केला, तो पुढच्या महिन्यात कुठल्यातरी लग्नात पंगतीला शेजारी येऊन बसतो आणि तुमच्याआधी तुमची गाडी ओळखतो.

कुठल्या गाडीला हात करायचा आणि कुठल्या नाही?

आपल्याच मॉडेलला नेहमी. त्यानंतर त्याच पिढीतल्या भावंडांना: पद्मिनीवाल्याने अँबेसेडरला, अँबेसेडरवाल्याने काँटेसाला, तिघांनीही पहिल्या चौकोनी मारुती ८०० ला. जिप्सीवाल्यांचं वेगळं गोत्र आहे, ते आपसात करतात, पण आपण केला तर परतफेड चुकवत नाहीत.

रस्त्यावर ढिगाने दिसणाऱ्या गाड्यांचं काय, असं एका स्विफ्टवाल्या मुलाने विचारलं होतं. त्याला म्हटलं, बाबा रे, म्हापशाहून पणजीला पोचेपर्यंत तुझा हात खालीच येणार नाही. गाडी दुर्मिळ झाली की हात आपोआप वर जातो. नॅनो बघा. २००९ ला रस्त्यावर आली, २०१८ ला कारखान्यातून निघायची थांबली. आता महिन्यातून एखादी दिसते आणि मी तिला हात करतो. पहिल्या वेळी त्या बाईंनी गाडी बाजूला घेतली, टायर बसला की काय म्हणून.

हात नेमका कसा करायचा?

स्टिअरिंगवरून तळवा न हलवता चार बोटं वर. बस, एवढंच. आपण डावीकडून चालतो आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे समोरून येणारा चालक तुमच्या उजव्या हाताला अगदी जवळून जातो. बोटं दिसतात. फार तर तळवा काचेसमोर क्षणभर उचला.

खिडकीतून आख्खा हात बाहेर काढून हलवू नका. बाहेर काढलेल्या हाताला रस्त्याच्या नियमांत अर्थ आहे, आणि इंडिकेटर आळशी असलेल्या जुन्या गाडीत तर जास्तच. उजवा हात बाहेर काढून वर-खाली हलवला तर "मी वेग कमी करतोय", तळवा उभा धरला तर "थांबतोय", हात सरळ आडवा काढला तर "उजवीकडे वळतोय", पुढे-मागे झुलवला तर "मागच्याने पुढे जावं". ड्रायव्हिंग शाळेत हे घोकलेलं असतं आणि लायसन्स हातात पडलं की विसरलेलं असतं. मागच्या ट्रकवाल्याला मात्र आठवत असू शकतं. समोरच्या पद्मिनीला तुम्ही प्रेमाने हात झुलवलात आणि मागचा ट्रक तुम्हाला ओलांडायला निघाला, तर त्या प्रेमाची किंमत तिघं मोजणार.

वेळही फार कमी असतो. दोघंही ताशी ५० ने येत असाल तर मधलं अंतर सेकंदाला साधारण २८ मीटरने घटतं. शंभर मीटरवरून गाडी ओळखलीत तरी हातात साडेतीन सेकंद. त्यात ओळखायचं, खात्री करायची, बोटं उचलायची आणि नजर परत रस्त्यावर आणायची. त्यामुळे मी एक नियम पाळतो: रस्त्यावर दुसरं काहीही चालू असेल, म्हणजे गाय, स्कूटर, वळण, सायकलवरचा पाववाला पोदेर, तर बोटं जागेवर. राहिलेला नमस्कार पुढच्या वेळी करता येतो.

हॉर्न वाजवला तर चालेल?

नाही. कारण नसताना हॉर्न वाजवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा १,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर २,०००. इस्पितळ, शाळा आणि कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं ते वेगळंच. दंड बाजूला ठेवला तरी आपल्याकडच्या चिऱ्यांच्या कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवर हॉर्नचं एक ठरलेलं काम आहे: आंधळ्या वळणावर "मी येतोय" सांगणं. तोच आवाज नमस्काराला वापरलात तर वळणापलीकडचा माणूस उगाच ब्रेक मारतो.

मग डिपर द्यावा का?

हा खरा वादाचा विषय आहे. आमच्यातले काही जण देतात, मी देत नाही.

गोव्यात डिपरला, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापीला, आधीच फार अर्थ आहेत. अरुंद पुलावर समोरच्याने डिपर दिला तर त्याचा अर्थ "मी आधी येतोय, तू थांब". तोच डिपर एखाद्या सज्जनाने दिला तर "तू ये, मी थांबलोय". दोन्ही अर्थ एकाच पुलावर एकाच वेळी चालू असतात आणि तरी आपण जिवंत आहोत, ही ग्रामदेवतेची कृपा. हायवेवर दोनदा डिपर म्हणजे पुढे तपासणी चालू आहे. तुम्ही बिचारे जुन्या जिप्सीला सलाम म्हणून डिपर देता आणि तो पुढचे तीन किलोमीटर ताशी ३० ने, सीटबेल्ट चाचपत, कागदपत्रं आठवत जातो. पुढे काही नसतं. फेरीवर भेटला की हिशेब चुकता करतो. माझ्याकडून केलेला आहे.

रात्री तर विषयच नको. जुन्या गाड्यांचे दिवे आधीच पिवळे आणि मंद, त्यात समोरून झोत आला की कडेचा माणूस दिसेनासा होतो.

मी हात केला, पण समोरच्याने केलाच नाही. राग मानावा का?

मानू नका. बहुतेक वेळा त्याने पाहिलेलंच नसतं. किंवा गियर बदलत होता. जुन्या पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, डावा हात तिकडे अडकलेला आणि उजव्या हातात सगळं स्टिअरिंग, तेही पॉवर नसलेलं. किंवा गाडी त्याची नसते, तो गॅरेजवाल्या मेस्ताचा पोरगा असतो आणि ट्रायलला बाहेर पडलेला असतो.

उलटंही होतं. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना बोडगेश्वराजवळ मला एक पांढरी अँबेसेडर दिसायची. चालक वयस्कर, टोपीवाले. दर खेपेस ते हात वर करायचे, छातीपर्यंत नेऊन कपाळाला लावायचे. मला वाटलं, काय हा मान! मीही तसाच हात छातीला लावून उत्तर द्यायला लागलो. दोन-तीन महिने हे चाललं. एका शुक्रवारी बायको सोबत होती. ती म्हणाली, "ते देवाला नमस्कार करतायत. तुम्ही कोणाला करताय?"

तेव्हापासून देवळं, घुमट्या आणि खुरीस (क्रूस) यांच्या आसपासचे नमस्कार मी मोजत नाही. गोव्यात अशी जागा दर किलोमीटरला असते, त्यामुळे मोजायला फारसे उरतही नाहीत.

लांबून गाडी ओळखायची कशी?

सवयीने. तरी काही खुणा सांगतो.

पद्मिनीची वंशावळ लक्षात ठेवली की निम्मं काम होतं. मुंबईत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली. तीच १९७२ ला प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसी. म्हणून आजही तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. तिच्या आधीची गोलमटोल, नाक पुढे आलेली, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी ती डुक्कर फियाट. ती दिसली तर नुसता हात पुरत नाही, बाजूला घेऊन बघत उभं राहायचं.

अँबेसेडर ओळखायला शिकावं लागत नाही. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेला तो टपोरा आकार १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघत राहिला. खरी मजा दोन अँबेसेडरमधला फरक ओळखण्यात आहे. पुढची जाळी बघा, बॉनेट बघा, त्यावरून मार्क, म्हणजे आवृत्ती, कुठला ते सांगणारे आमच्यात दोघे आहेत. मी नाही.

काँटेसा १९८४ ते २००२. लांबलचक बॉनेट आणि रुंद छाती. आरशात दिसली की मागून कोणीतरी मंत्री येतोय असं वाटतं. जिप्सी १९८५ ते २०१९, उभी काच, मागच्या दाराला स्टेपनी. पहिलीचं इंजिन ९७० सीसीचं, पुढे १९९६ पासून १३०० च्या घरातलं. चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली दिसली तर नंतरची रुंद जिप्सी समजा.

पहिली मारुती ८०० म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली, काडेपेटीसारखी चौकोनी. १९८६ ला तिचा चेहरा बदलला आणि आपल्या सगळ्यांच्या काकांकडे होती ती गोलसर ८०० आली. चौकोनी वाली मला डोळ्यांआधी कानांनी कळते. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन हळू चालताना शिवणयंत्रासारखं वाजतं.

नंबरावरून काय कळतं?

बरंच काही. जीए-०३ म्हापशाची, ०४ डिचोलीची, ०५ फोंड्याची, ०६ वास्कोची, ०७ पणजीची, ०८ मडगावची. गाडीचा नंबर जीडी अक्षरांनी सुरू होत असेल तर मात्र मान थोडी वाकवा. गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता तेव्हाचा तो नंबर. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं आणि पुढे जीए आलं. माझ्या गाडीवर अजून जीडी आहे. नाक्यावर एका तरुण पोलिसाने तो गुजरातचा समजून आत किती माणसं आहेत ते मोजलं होतं.

भाड्याच्या थारला हात करायचा का?

काळी पाटी आणि पिवळी अक्षरं दिसली की आत पाहुणा आहे समजा. हात केलात तर तो थांबून बागा बीचचा रस्ता विचारेल.

पोर्तुगीज काळातल्या गाड्या अजून दिसतात का? त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं ना?

दिसतात, पण रोजच्या रस्त्यावर क्वचित. १९६१ आधी गोव्यात युरोपातून गाड्या यायच्या: ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज. सीमेपलीकडे आयातीवर बंधनं असताना इथे त्या मिळत होत्या. मुक्तीनंतर त्यातल्या कित्येक मर्सिडीज टॅक्सी म्हणून राबल्या. जुन्या लोकांना आठ-आठ माणसं कोंबून केलेले मडगाव-पणजी प्रवास आठवतात. उरलेल्या आता मोठ्या घरांच्या बल्कांवशेजारी (ओसरीशेजारी) शेडमध्ये, चादरीखाली आहेत आणि एखाद्या रॅलीला किंवा लग्नाला बाहेर येतात.

स्टिअरिंगवरून मात्र काही ठरवू नका. पोर्तुगालमध्ये १९२८ ला वाहतूक उजव्या बाजूला गेली, पण गोव्यात ती डावीकडेच ठेवली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि तिथे सगळे डावीकडून चालत होते. त्यामुळे "डावं स्टिअरिंग म्हणजे पोर्तुगीज गाडी" हे गणित चुकीचं आहे. अशी चूक तिच्या मालकासमोर केलीत तर तासभर सुटका नाही.

हे लोक भेटतात कुठे? नुसता हात करून समाधान होत नाही.

फेरीबोटीवर. यापेक्षा चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

डिचोलीहून पणजीला जायला मी शक्यतो मये-चोडण-रायबंदर हाच रस्ता धरतो. चोडणच्या धक्क्यावर रांग लागते, एका बाजूला सलीम अली अभयारण्याची खारफुटी, समोर मांडवी. रांगेत दोन जुन्या गाड्या मागेपुढे आल्या की इंजिन बंद, दारं उघडी, आणि बॉनेटवर हात ठेवून गप्पा. घाई करायची म्हटली तरी करता येत नाही, कारण बोट पलीकडच्या काठाला असते. माझ्या गाडीचा कार्बोरेटर कोणी जुळवून दिला, मागच्या काचेचं रबर कुठे मिळालं, फोंड्यातला कुठला मेस्त अजून स्टिअरिंगवरच्या गियरची लिंकेज हाताने बसवतो, ही सगळी माहिती मला त्या धक्क्यावर मिळाली आहे. २०२५ पासून तिथे मोठ्या रो-रो बोटी आल्या. रांग भराभर हलते. लोकांची सोय झाली हे मान्य, पण आमचे दोन-तीन विषय अर्धवट राहिले आहेत.

फेरीचं एक तंत्र सांगून ठेवतो. ओहोटीला बोटीची फळी उतरती होते आणि खाली बसलेली जुनी गाडी चढताना सायलेन्सर घासते. तिरकं चढवा, हळू, आणि डिकीत सामान असेल तर आधी काढा. तुमचा सायलेन्सर घासला तर पाच जण एकदम "हा हा हा!" करून ओरडतील. ते हसत नसतात, सावध करत असतात. थोडं हसतही असतात.

रायबंदरला उतरल्यावर पणजीपर्यंतचा जुना बांधरस्ता १६३३-३४ च्या सुमाराचा, सुमारे तीन किलोमीटर, जवळजवळ सरळ. समोरची गाडी लांबून दिसते, त्यामुळे ओळखायला पुरेसा वेळ मिळतो. हात करायला गोव्यात याहून सोपा रस्ता नाही. थांबायला मात्र जागा नाही, तेव्हा मोह आवरा.

बाकी रविवारी सकाळी मिरामार-दोनापावला, आणि सहाच्या आधी कुठलाही पेट्रोल पंप.

कुठे अजिबात हात करू नये?

अटल सेतूवर. पाच किलोमीटरचा पूल, वेग जास्त, बाजूचा वारा असा की पद्मिनीसारखी हलकी गाडी हाताला कळेल इतकी सरकते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. चोर्ला आणि अनमोड घाटात पावसाळ्याच्या धुक्यात तर समोरचं मॉडेल ओळखायचा प्रयत्नच करू नका, आधी समोर काही आहे का ते ओळखा. घाटात अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. उतरणाऱ्याने थांबून वाट दिली तोच त्याचा नमस्कार समजा.

आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये. तिथे वीस मिनिटं एकमेकांशेजारी उभे असता. पहिल्या मिनिटाला हात केलात तर उरलेली एकोणीस मिनिटं करायचं काय?

थांबून बोलायची वेळ आलीच, तर काय विचारावं?

"कुठल्या सालची?" याने सुरुवात करा. मग "कोणाची होती?" गोव्यात जुन्या गाडीला मालक नसतो, वंश असतो: आजोबांची, मग काकांची, मध्ये दहा वर्षं नारळाच्या शेडमध्ये, मग याची. ती गोष्ट ऐकून घ्या.

"विकणार का?" हा प्रश्न विचारू नका. रोज कोणी ना कोणी विचारतं. सिग्नलला बाजूच्या स्कूटरवरून "गाडी विकपाची आसा?" असं ऐकू आलं की माझी मुलगी काच वर करते. पद्मिनीला ती काच वर करायला बऱ्यापैकी वेळ लागतो, तेवढ्यात भावही सांगून होतो.

"किती देते?" हा दुसरा. याला आमच्यात एकच उत्तर आहे: "त्रास भरपूर देते."

किंमत, रंगाचा खर्च, इंजिन मूळचं आहे का, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या भेटीला. दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट स्वतः उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढण्यासारखं आहे. तो उघडून दाखवेल. न विचारताही दाखवेल, काळजी नको.

चालक बाई असेल तर?

तशीच चार बोटं, तेवढाच वेळ, आणि आपापल्या वाटेने. मागे वळवून पाठलाग करायचा नाही, पुढच्या तिठ्यावर थांबून वाट बघायची नाही. माझ्या ओळखीतली एक ताई जुनी बीटल चालवते. ती सांगते की तिला गाडीविषयी बोलायला आवडतं, पण गेल्या काही वर्षांत निम्म्या लोकांनी प्रश्न विचारताना गाडीकडे पाहिलेलंच नाही. आमच्यातला कोणी असं वागताना दिसला तर आम्ही त्याला तोंडावर सांगतो.

फोटो काढू का?

गाडी चालवत काढू नका. स्टिअरिंगवर बसून हातात फोन धरणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. शेजारच्याने काढला तर कोणाकडेही पाठवण्याआधी नंबर झाका. गोव्यात पिवळी काँटेसा एकच असते आणि ती मंगळवारी दुपारी कुठे होती हे सगळ्या घराला कळायची गरज नसते.

जुनी गाडी रस्त्याकडेला बंद पडलेली दिसली तर?

थांबा. बाकी सगळं ऐच्छिक आहे, हे नाही.

मे महिन्यात दुपारी चोर्ला घाट चढताना माझी पद्मिनी एका वळणाआधी गचके देत बंद पडली. बॉनेट उघडून उभा होतो. वरून एक जिप्सी आली, चालकाने मस्त हात केला, मीही केला, आणि तो निघून गेला. पाच मिनिटांनी तीच जिप्सी परत वर आली. तो उतरून म्हणाला, "सॉरी हां, गाडी बघितली आणि हात केला. ती उभी आहे हे खाली गेल्यावर डोक्यात आलं." त्याने स्वतःचा टॉवेल पाण्यात बुडवून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाभोवती गुंडाळला आणि आम्ही वीस मिनिटं सावलीत बसलो. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

त्याला व्हेपर लॉक म्हणतात. इंजिनच्या उष्णतेने पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. उपाय तोच: बॉनेट उघडं, ओलं फडकं, धीर. धीराचा साठा आधीच करून ठेवावा. इतर नेहमीची दुखणी म्हणजे कॉइल तापणं, इग्निशनचे सीबी पॉइंट जळणं, फॅन बेल्ट तुटणं. म्हणून डिकीत एक जादा कॉइल, पॉइंट-कंडेन्सरचा सेट, बेल्ट, फ्यूज, दोन लिटर पाणी आणि हातभर पेट्रोलचा पाइप ठेवा. स्वतःला लागलं नाही तरी दुसऱ्याला लागतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना मात्र स्वतःही उघडू नका आणि त्यालाही उघडू देऊ नका.

पाइपाचं मुद्दाम सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्यांचं जुनं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. पाइप, डायफ्रॅम, वॉशर मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल चालेल असा पाइप एकदा सगळीकडे बदलून घ्या. आधी पेट्रोलचा वास येतो, मग थेंब, मग आग. वास आला त्याच दिवशी गॅरेज गाठा.

माझी गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करू का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. तुमची गाडी चादरीखाली असेल तर जरूर करा. माझ्यासारखी बाजारहाट करत असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं साधं नूतनीकरणच बरं. व्हिंटेज झालेल्या गाडीतून शुक्रवारी म्हापशाहून मिरच्या आणता येत नाहीत.

मागच्या काचेतून मुलं हात करतात, त्यांनाही करायचा का?

त्यांना आधी.

माझ्याकडे जुनी गाडी नाही. तरी हात केला तर चालेल?

चालेल काय, पाहिजेच. आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर सायकलवरून येतो. मी गाडी बाहेर काढत असतो तेव्हा तो कुंपणापाशी ब्रेक मारून हॉर्नचा फुगा दोनदा दाबतो. पाव दिलेला असतो, पैसेही घेतलेले असतात, ते दोन पों पों फक्त पद्मिनीसाठी असतात. मी चार बोटं वर करतो. हॉर्न वाजवत नाही. वरचं उत्तर वाचलंत ना.